गेलेल्यांचें मागें राहिलेलें : ब्रेस्लौ, वळिवडें आणि गांधीनगर

डॉ. फ्रान्झ कीलहॉर्न यांनीं संपादिलेलें पातंजल महाभाष्य ज्यांनीं एकदां तरी हातीं घेतलें आहे, त्यांस त्या पंडिताची ओळख करून देण्याचें प्रयोजन नाहीं. इ. स. १८६६ पासून १८८१ पर्यंत ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत होते. आणि मुंबई सरकारच्या हस्तलिखितसंग्रहाच्या कामीं ब्यूलर, भांडारकर प्रभृतींच्या बरोबरीनें त्यांनीं जे श्रम केले, त्यांचें फळ आज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत जपून ठेविलेलें आहे. या कीलहॉर्नांचें स्वतःचें अध्ययन गॉटिंगेन येथें बेन्फाय यांजपाशीं, बर्लिन येथें वेबर यांजपाशीं व ब्रेस्लौ येथें स्टेन्झ्लर यांजपाशीं झालें. रघुवंश, कुमारसंभव, मृच्छकटिक व याज्ञवल्क्यस्मृति यांच्या आवृत्त्या काढणारे ते हे स्टेन्झ्लर. वेबर यांचा जन्महि ब्रेस्लौचाच, आणि हिलेब्रांट यांचा वैदिक दैवतांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ त्याच शहरीं १८९१ ते १९०२ या काळांत प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिदशेंत हीं नांवें वाचतांना ब्रेस्लौ म्हणजे पश्चिमेकडील एखादें काशीक्षेत्र असावें अशी माझी भाबडी कल्पना होती. पुढें शाळेंतील भूगोलाच्या नकाशांत तें शोधूं गेलों, तों ओडर नदी सांपडली, नदीवरचें शहरहि सांपडलें, पण त्यावर नांव होतें व्रोत्स्वाफ, आणि देश होता पोलंड. ज्या नगरीच्या नांवावर आपण इतके ग्रंथ वाचले, ती नगरी तशीच उभी असून तिचीं माणसें व तिचें नांव मात्र दुसरें, ही गोष्ट तेव्हांपासून मनांत घर करून राहिली. प्रस्तुत लेख त्या कुतूहलाचें फळ आहे. वाचकांस आरंभींच सांगून ठेवतों कीं, हा शोध पोलंडांत सुरू झाला तरी तो आमच्या कोल्हापुराजवळ येऊन थांबला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, ६ मे १९४५ रोजीं, ब्रेस्लौचा वेढा संपून शहर रशियन सैन्याच्या हातीं पडलें. युद्धापूर्वीं त्याची लोकसंख्या सहा लाखांवर होती. त्याच वर्षीं जुलै-ऑगस्टांत पॉट्सडाम येथें विजेत्या राष्ट्रांची परिषद भरली. ओडर व नायसे या नद्यांच्या पूर्वेचा बहुतेक जर्मन मुलूख पोलंडाच्या कारभाराखालीं गेला, आणि तेथील जर्मन लोकांस जर्मनींत नेऊन घालावें असें ठरलें. पुढील दोन-तीन वर्षांत लाखो कुटुंबें हातांत मावेल तेवढें सामान घेऊन पश्चिमेस गेलीं. डान्झिगचें ग्दान्स्क झालें, स्टेटिनचें श्चेचिन झालें. नव्या सरकारनें या मुलखास ‘पुनःप्राप्त प्रदेश’ म्हटलें. कारण मध्ययुगांत तेथें पियास्त कुळांतील पोल राजांची सत्ता होती. हा दावा निव्वळ खोटा नव्हे. परंतु मधल्या सहा-सात शतकांचें काय करावयाचें, हा प्रश्न त्यामुळें सुटत नव्हता.

तो प्रश्न प्रथम नांवांपासून सोडविण्यास सुरवात झाली. १९४६ सालीं स्थलनामें निश्चित करण्यासाठीं एक सरकारी समिति नेमण्यांत आली व तिनें चार-पांच वर्षांत तीस हजारांहून अधिक नांवें ठरविलीं. कित्येक ठिकाणीं जुन्या दप्तरांत मूळ स्लाव्ह नांव सांपडलें तें पुन्हां घेतलें. खुद्द व्रोत्स्वाफ हें असेंच जुनें नांव असून ब्रेस्लौ हा त्याचाच जर्मन उच्चार होय. जेथें कांहींच सांपडलें नाहीं तेथें नवें केलें. पूर्व प्रशियांतील रास्टेनबुर्ग या गांवास केंत्शिन हें नांव मिळालें, तें वोयचेख केंत्शिन्स्की (१८३८–१९१८) या इतिहाससंशोधकावरून. आमच्याकडे संशोधकाच्या नांवें एखादी गल्ली झाली तरी मंडळाच्या सभेंत पेढे वाटले जातील. तिकडे अख्खें गांव झालें!

नांवांमागून अक्षरें गेलीं. दुकानांवरील पाट्या, भिंतींवर रंगविलेले मजकूर, रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील फलक, कित्येक ठिकाणीं देवळांतील व स्मारकांवरील लेखसुद्धां खरवडून किंवा चुना फांसून नाहींसे करण्याची सरकारी मोहीमच निघाली होती. उद्ध्वस्त ब्रेस्लौच्या लाखो विटा गाड्या भरभरून वॉर्सा शहर पुन्हां बांधण्यासाठीं गेल्या. ग्दान्स्कची मुख्य पेठ अत्यंत कौशल्यानें पुन्हां उभारली, पण उभारतांना प्रशियाच्या अमलापूर्वींचें रूप निवडून मधल्या दीडशे वर्षांच्या खुणा गाळल्या. थडग्यांची गोष्ट याहून वाईट. ज्या थडग्यांस फुलें वाहणारें कोणी उरलें नाहीं, तीं कांहीं वर्षें झुडपांत बुडालीं आणि १९७० च्या सुमारास व्रोत्स्वाफांतील बहुतेक जर्मन दफनभूमि सपाट करून तेथें बागा व मैदानें झालीं. कोरीव दगड बांधकामास लागले. शिलालेख शोधीत रानोमाळ हिंडणाऱ्या आम्हां लोकांस हें वाचून कसेंसेंच होतें. पण आपल्याकडे पडक्या वाड्यांच्या पायऱ्यांस, विहिरींच्या कांठास व धोब्याच्या घाटास किती वीरगळ व किती लेखांकित शिळा बसविलेल्या आहेत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांनीं तरी विसरूं नये.

आतां हस्तलिखितांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण वाचकवर्गास त्यांत विशेष गोडी आहे. बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयानें १८७३ ते १८७८ या काळांत ब्यूलर यांच्या मार्फत आमच्या मुंबई इलाख्यांतून शेंकडो जैन पोथ्या विकत घेतल्या होत्या व वेबर यांनीं त्यांची सविस्तर सूचि केली. पुढें प्रशियाचें राज्य-ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध झालेलें तें हेंच. बर्लिनवर बाँब पडूं लागल्यावर १९४१ पासून या ग्रंथालयाचा संग्रह ठिकठिकाणीं हलविण्यांत आला. त्यांपैकीं एक मोठा भाग सायलेशिया प्रांतांत, प्रथम एका किल्ल्यांत व मग ग्रुस्साउ येथील मठांत, पेट्यांत भरून ठेविला गेला. त्यांत बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांच्या हातचीं मूळ संगीतलेखनें होतीं. युद्ध संपलें तेव्हां मठ जागचा हलला नव्हता, सीमा हलली होती. ग्रुस्साउचें क्शेशूफ झालें आणि पेट्या पोलंडांत राहिल्या. तेथून त्या क्राकूफच्या यागिएलो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत गेल्या. पुढें सुमारें तीस वर्षें त्यांविषयीं अक्षर बाहेर फुटलें नाहीं. जगांतील संगीतज्ञ मोझार्टच्या हातची प्रत नष्ट झाली असें समजून चालले होते, आणि प्रत क्राकूफांत कपाटबंद होती! १९७७ सालीं पोलंडच्या पुढाऱ्यांनीं त्यांपैकीं मोजकीं हस्तलिखितें पूर्व जर्मनीस भेट म्हणून दिलीं, तेव्हां गुपित फुटलें. बाकीचा संग्रह अद्यापि क्राकूफांतच आहे.

हा संग्रह कोणाचा? जर्मन म्हणतात, आमच्या ग्रंथालयाचे शिक्के त्यांवर आहेत. पोल म्हणतात, १९४४ सालीं वॉर्सामधील बंडानंतर तुमच्या सैन्यानें क्रासिन्स्की ग्रंथालयास बुद्ध्या आग लावून आमचीं हजारों हस्तलिखितें जाळलीं, त्यांचें काय? दोहोंचें म्हणणें ऐकल्यावर मला न्यायाधीश होण्याची इच्छा उरत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, तीस वर्षांच्या त्या मौनांत पोथ्यांना वाळवी लागली नाहीं, पान हरवलें नाहीं. रागानें कां होईना, पण ती वस्तु मोलाची आहे हें ज्यांच्या हातीं ती पडली त्यांस कळत होतें. भिंतींवरील पाट्या व थडगीं यांच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं.

जर्मनांच्या रिकाम्या घरांत आले कोण, हें पाहिल्यावांचून ही हकीकत अर्धीच राहील. त्यांत मध्य पोलंडांतून आलेले पुष्कळ होते. परंतु मोठा भाग पूर्वेकडून उखडून आलेल्यांचा होता. ज्या परिषदांनीं पोलंडास पश्चिमेकडे मुलूख दिला त्यांनींच पूर्वेकडील मुलूख काढून सोव्हिएत संघास दिला होता, आणि त्यांत ल्वूफ हें विद्येचें मोठें माहेरघर गेलें. ल्वूफचे अध्यापक व्रोत्स्वाफच्या विद्यापीठांत आले. १८१७ सालीं स्थापन झालेलें ओस्सोलिनेउम हें ग्रंथालय, ज्याचे वर उल्लेखिलेले केंत्शिन्स्की अनेक वर्षें संचालक होते, त्याच्या संग्रहाचा एक भाग १९४६–४७ सालीं आगगाडीनें व्रोत्स्वाफास आणून एका जुन्या जर्मन शाळेच्या इमारतींत लाविला; उरलेला भाग ल्वूफांतच राहिला. फ्रेद्रो या नाटककाराचा ल्वूफांतील पुतळाहि अखेर इकडे आला, आणि १९५६ सालीं जेथें पूर्वीं प्रशियाच्या राजाचा पुतळा होता त्याच चौकांत तो बसविला गेला. म्हणजे जे दुसऱ्याच्या पाट्या पुशीत होते, त्यांच्या स्वतःच्या पाट्या पूर्वेकडे त्याच वेळीं पुसल्या जात होत्या. ल्वूफमधील पोल सैनिकांची दफनभूमि १९७१ सालीं सोव्हिएत अधिकाऱ्यांनीं यंत्रें घालून उध्वस्त केली. व्रोत्स्वाफांत जर्मन थडगीं सपाट होत होतीं तोच हा काळ. पुढें काळ पालटला. ती भूमि दुरुस्त होऊन २००५ सालीं खुली झाली, आणि २००८ सालीं व्रोत्स्वाफांतहि एका उद्यानांत जुन्या जर्मन थडग्यांचेच दगड रचून नष्ट झालेल्या दफनभूमींचें स्मारक उभें राहिलें. १९१३ सालीं माक्स बेर्ग यांनीं बांधलेलें शतसांवत्सरिक सभागृह, ज्याचें जर्मन मूळ सांगण्यास एके काळीं लोक कचरत, तें २००६ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे.

येथपर्यंतची हकीकत परदेशची. आतां कोल्हापुराकडे वळूं.

१९३९ सालीं जर्मनी व रशिया या दोघांनीं पोलंड वांटून घेतल्यावर पूर्व भागांतील लाखो पोल लोकांस रशियनांनीं सैबेरियांत व मध्य आशियांत नेऊन टाकिलें. १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली व त्यांपैकीं बरेच इराणांत पोंचले. पुरुष सैन्यांत गेले. बायका, मुलें व वृद्ध यांस आश्रय कोठें द्यावा हा प्रश्न पडला. जामनगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें मुलांस ठेवून घेतलें हें प्रसिद्धच आहे. परंतु हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी पोल वसाहत त्यांची नव्हे. ती १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, पंचगंगेच्या परिसरांत वळिवडें येथें वसली. सुमारें पांच हजार लोक तेथें राहत. समुद्रमार्गें कराचीस उतरून, तेथील तात्पुरत्या छावणींत राहून, ते आगगाडीनें इकडे आले. कौलारू बराकींच्या ओळी, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, नाट्यगृह, प्राथमिक व माध्यमिक शाळा, बालवीरांचीं पथकें असें तें एक स्वयंपूर्ण पोल गांवच होतें. कोल्हापूरचे भाजीवाले, शिंपी, टांगेवाले त्यांच्याशीं व्यवहार करीत. पांच वर्षें तें नांदलें.

युद्ध संपलें, पण या लोकांचें गांव परत आलें नाहीं. त्यांपैकीं बहुतेकांचीं घरें ज्या मुलखांत होतीं तो आतां पोलंड राहिला नव्हता. कोणी इंग्लंडास, कोणी कॅनडा-ऑस्ट्रेलियास गेले. जे पोलंडास परतले, त्यांस पूर्वेकडचें जुनें घर सोडून दुसरीकडेच संसार मांडावा लागला. १९४८ च्या आरंभीं वळिवडें रिकामें झालें.

आणि रिकामें राहिलें नाहीं. फाळणींत सिंध सोडून आलेल्या हिंदु सिंधी निर्वासितांस सरकारनें त्याच बराकींत जागा दिली. वसाहतीस गांधीनगर हें नांव पडलें. पोलांप्रमाणें तेहि सिंधमधूनच आले, फरक इतकाच कीं, पोलांना कराची ही वाटेवरची धर्मशाळा होती आणि यांचें तें घर होतें. आज गांधीनगर ही कापडाची मोठी ठोक पेठ आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील दुकानदारसुद्धां तेथें खरेदीस जातात. मैंदर्गीच्या एका कापडव्यापाऱ्याबरोबर मीहि एकदां गेलों. मालाचे गठ्ठे, हातगाड्या, सिंधी व मराठी मिसळलेली बोली, नव्या इमारतींची दाटी. या सर्वांत मला पोल गांव दिसेना. एका वृद्ध सिंधी गृहस्थास विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “मास्तरसाहेब, आमच्या वडिलांनीं सांगितलेलें एवढेंच कीं, आम्ही आलों तेव्हां दारापुढें फुलझाडें लावलेलीं होतीं. कोणीं लावलीं, तें विचारण्याजोगी तेव्हां आमची स्थितीच नव्हती.” या उत्तरानें मला व्रोत्स्वाफ जितकें समजलें तितकें पुस्तकांनीं समजलें नव्हतें. ज्याचें स्वतःचें सर्वस्व मागें राहिलें आहे, तो दुसऱ्यानें मागें ठेवलेल्या वस्तूंची नोंद प्रथम करीत नसतो. तो तीं भांडीं वापरतो, त्या खोलींत झोंपतो, आणि त्याचा नातू मग विचारूं लागतो. पोलंडांतहि जर्मन काळाविषयीं कुतूहल दाखविणारी पिढी तेथेंच जन्मलेली होती, आलेली नव्हती.

कोल्हापुरांत महावीर उद्यानांत १९९८ सालीं पोलांनीं कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. २०१९ सालीं वळिवड्यासहि स्मारक झालें व त्या प्रसंगीं तेथें बाळपण घालविलेले कांहीं वृद्ध पोल आले होते. वॉर्सा शहरांत २०१७ सालीं वळिवडें-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक लागला, आणि ऑगस्ट १९४४ च्या बंडानें उद्ध्वस्त झालेल्या त्याच शहरीं ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं त्या फलकास पुष्पें वाहिलीं. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत वळिवड्यास वारलेल्या पोलांचीं थडगीं आहेत आणि पोल सरकारच्या लक्षांत तीं आहेत. म्हणजे एकंदरींत, जर्मनांच्या थडग्यांस ब्रेस्लौमध्यें जें लाभलें नाहीं तें या परक्यांस आमच्या भूमींत लाभलें. परंतु याचें सर्व श्रेय आम्हीं आमच्या औदार्यास देणें बरें नव्हे. पोलांशीं आमचें वैर नव्हतें, त्यांनीं आमचा मुलूख मागितला नव्हता. वैर असतां काय केलें असतें, हा प्रश्न स्वतःस विचारण्याचें धैर्य इतिहासलेखकाच्या ठायीं असावें.

याच साखळीचें दुसरें टोंक कराचीस आहे. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यांतच असल्यामुळें मराठी नोकरदार, शिक्षक, वकील यांची तेथें चांगली वस्ती होती. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधमधील शिक्षणखात्याचे मराठी अधिकारी. १८५५ सालीं तेथें सुरू झालेल्या सरकारी शाळेस पुढें त्यांचें नांव मिळालें, आणि १८६८ च्या सुमारास हिंदूंच्या सिंधी लिपीस त्यांनीं एकरूपता आणिली. फाळणीनंतर कराचींतील बहुतेक मराठी कुटुंबें निघून आलीं. किती रस्त्यांचीं नांवें बदललीं! पण बंदर रोडचा जिना रोड झाल्यावरहि त्यावरील त्या शाळेचें नांव नारायण जगन्नाथ हायस्कूल हेंच आहे. ती शाळा असल्यामुळें, म्हणजे रोज वापरांत असल्यामुळें, नांव टिकलें असें मला वाटतें. शिक्षकाच्या पेशास शोभणारा हा पक्षपात वाचकांनीं क्षम्य मानावा.

आतां एक स्वतःच्या दोषाची गोष्ट सांगतों. आमचें मैंदर्गी हें अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सीमेलगतचें गांव. घरोघरीं कानडी, शाळेंत मराठी. कांहीं वर्षांपूर्वीं येथील एक जुनें घराणें वाडा विकून शहरांत गेलें. जातांना घरच्या वृद्ध बाईंनीं निरोप पाठविला, “मास्तर, माळ्यावर कागदाचे रुमाल हाईत. रद्दीवाला यायच्या आंत बघून जावा.” परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या, मीं आठ दिवस लाविले. गेलों तेव्हां माळा झाडून झाला होता. पुढें महिन्याभरानें शेंगदाण्याच्या एका पुडीवर मला मोडींतील चार ओळी सांपडल्या : त्यांत ‘मौजे मैंदर्गी’ हीं अक्षरें, एका विहिरीची हद्द, आणि अर्धवट फाटलेला शक. तो कागद मजपाशीं आहे. येथें कोणी कोणास हांकलून दिलें नव्हतें, कोणाच्या मनांत द्वेष नव्हता, समिति नव्हती, मोहीम नव्हती. मोडी वाचतां येणारा एक मास्तर आठ दिवस उशीरां पोंचला, इतकेंच.

असो. वळिवड्याविषयीं पोलांनीं आपल्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यांच्या बाजूचे कागद त्यांनीं जपले आहेत. आमच्या बाजूचे कागद म्हणजे १९४३ ते १९४८ मधील कोल्हापूर, हातकणंगलें, मिरज येथील व्यापाऱ्यांच्या खतावण्या, दूधवाल्यांचीं टिपणें, कंत्राटदारांचीं बिलें, छायाचित्रकारांच्या कांचा, शिंप्यांच्या मापांच्या वह्या. त्या वेळीं पेठेंत मोडीचा व्यवहार पुष्कळांच्या घरीं चालू होता. ज्या वाचकांच्या संग्रहीं अथवा शेजारीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या पाच वर्षांचीं पानें उलगडून पाहावींत. ‘पोलंड छावणी’, ‘वळिवडें क्यांप’ अशा खात्यांवर दृष्टि ठेवावी, आणि गांधीनगरच्या जुन्या सिंधी मंडळींकडेहि चौकशी करावी, कारण पहिल्या वर्षाचे जागावांटपाचे कागद त्यांच्याच घरीं मिळतील. थडग्यांवरील पोल अक्षरें वाचतां येत नाहींत म्हणून थांबण्याचें कारण नाहीं. शिलालेखाचा ठसा घेतांना आपण लिपि ओळखीची आहे कीं नाहीं हें पाहत नाहीं. दगड धुवून, ओला कागद चढवून, कुंचल्यानें ठोकून, शाई फिरवितों. कोल्हापूरचा पाऊस मोठा आहे. हें काम पुढील ज्येष्ठापूर्वीं व्हावें.